रिंगणावरचं पांढरं आकाश

प्रश्न : पुरंदवड्याच्या रिंगणाला दरवर्षी जातो. डोळ्यांना जे दिसतं ते मोबाइलमध्ये उतरतच नाही. आकाश पांढरंफटक येतं, टाळकऱ्यांचे चेहरे काळे पडतात, अश्व धूसर दिसतात. पोरं म्हणतात, ॲपमध्ये टाका, सगळं नीट होतं. खरंच होतं का? आणि झालंच, तर तो फोटो खरा म्हणायचा का?
— एक वाचक, माळशिरस

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. ॲपला फोटोत नवा प्रकाश घालता येत नाही. फोटो टिपला त्या क्षणी सेन्सरवर जेवढा प्रकाश पडला आणि त्यातल्या जेवढ्याची नोंद झाली, तेवढंच ॲपच्या हाती असतं. नोंद झालेली पण दबून राहिलेली गोष्ट वर काढली, तर ती सुधारणा. जिची नोंदच नाही ती गोष्ट भरली, तर ते नवं चित्र काढणं झालं. ही रेघ मनात ठेवली की कोणत्या साधनाला हात लावायचा आणि कोणत्या नाही, हे आपोआप कळत जातं.

आता रिंगणाकडे येऊ. माउलींची पालखी नातेपुत्याहून निघते, मांडवी ओढ्याला विसावते आणि माळशिरसच्या मुक्कामाआधी पुरंदवडे-सदाशिवनगरच्या मैदानात सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण होतं. भर दिवसाची वेळ, वर आषाढातले पातळ ढग. अशा ढगांमुळे अख्खं आकाशच उजेडाचा स्रोत बनतं. खाली पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. आणि टोपीखाली, पटक्याखाली सावलीत गेलेले सावळे चेहरे. फोटो काढणाऱ्याला याहून अवघड प्रसंग क्वचितच मिळेल. आपला डोळा आकाशाकडे वळला की आकाशापुरता जुळवून घेतो, चेहऱ्याकडे वळला की चेहऱ्यापुरता, आणि या तुकड्यांचं एक चित्र मेंदू आपल्याला दाखवतो. कॅमेऱ्याला मात्र साऱ्या चौकटीसाठी एकच माप धरावं लागतं. चेहरे उजळायला जावं तर आकाश जातं, आकाश राखावं तर चेहरे काळवंडतात.

या दोन तोट्यांपैकी एक भरून निघतो, दुसरा नाही. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू हे एक छोटं भांडं समजा. काठोकाठ भरल्यावर पुढचा प्रकाश सांडून जातो आणि किती सांडला याचा हिशेब कुठेच राहत नाही. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ढगाचा भाग एकदा २५५ वर जाऊन टेकला की त्यातली घडी, कड, छटा संपली. मग ॲपमध्ये ‘हायलाइट्स’ कितीही खाली ओढा, ढग परत येत नाही. तिथे सपाट करडा रंग येतो, आणि तो पांढऱ्यापेक्षाही वाईट दिसतो. उलट अंधाऱ्या भागात थोडी तरी नोंद शिल्लक असते. ती वर काढताना बारीक दाणे दिसू लागतात, पण चेहरा मिळतो. म्हणून रिंगणात जपायचं ते पांढरं. काळं घरी आल्यावर बघता येईल.

प्रत्यक्षात ते असं करायचं. आधी लेन्स मऊ सुती कापडानं पुसायची. बुक्का, धूळ, घामाचा हात, खिशातलं सुपारीचं पीठ यांचा एक पातळ थर लेन्सवर कायम असतो आणि अर्धा धूसरपणा त्याचाच असतो. मग पडद्यावर चेहऱ्याऐवजी ढगावर किंवा समोरच्या पांढऱ्या टोपीवर बोट टेकवायचं आणि तसंच दाबून धरायचं. बहुतेक फोनमध्ये अंतर आणि उजेड दोन्ही तिथे बांधले जातात. शेजारी छोटा सूर्य किंवा पट्टी दिसते, ती ढगाची कड दिसेपर्यंत खाली ओढायची. पडद्यावर चेहरे काळपट दिसतील. दिसू द्या.

हा सल्ला मोबाइलच्या पोटातही लिहिलेला आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये त्यांच्या ‘एचडीआर प्लस’ या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फोटो घेतो, आणि ते सगळे मुद्दाम थोडे काळसर घेतो. पांढरं वाचतं. मग ते एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढतो, त्यामुळे दाणे विरतात, आणि शेवटी सावल्या वर उचलतो. आज बहुतेक फोनमध्ये याच जातीचं काही ना काही चालू असतं. अडचण मात्र फार जुनी. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या निगेटिव्हना निळा उजेड इतका लवकर लागायचा की आकाश कोरंच उतरायचं. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो करताना पाण्यासाठी एक निगेटिव्ह आणि आकाशासाठी दुसरी वापरून दोन्ही एका कागदावर छापल्या. पुरंदवड्याच्या मैदानात तुम्हाला छळणारं पांढरं आकाश त्यालाही छळत होतं.

अश्वाचं सांगतो. धावताना आलेला धूसरपणा ॲपमध्ये जात नाही. काही फोनमध्ये तो घालवण्याचं साधन आलं आहे, पण ते कडा अंदाजानं रचतं, आणि दौडणाऱ्या पायांचा अंदाज हमखास चुकतो. त्यापेक्षा फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा, नसेल तर बर्स्ट लावून ओळीनं फोटो घ्या आणि घरी निवडा. चिमटीनं फार झूम करू नका. ठरावीक मर्यादेपलीकडचा झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणंच असतं, ते घरी शांतपणे करता येतं. आणि एक कळकळीचं सांगणं : जवळून फोटो मिळावा म्हणून रिंगणाच्या आत पाऊल टाकू नका. अश्वांना वाट मोकळी हवी. पुढे खुडूसला रिंगण आहे, ठाकूरबुवांच्या समाधीपाशी आहे, तुकोबांच्या सोहळ्याचं अकलूजला आहे. एक फोटो हुकला म्हणून वारी हुकत नाही.

घरी आल्यावर स्नॅपसीड पुरेसं आहे. निक सॉफ्टवेअर या कंपनीनं ते २०११ मध्ये काढलं, २०१२ मध्ये गूगलनं ती कंपनी घेतली, आणि ते फुकट मिळतं. आधी क्षितिज सरळ करा, कडेला आलेले नको ते हात-खांदे कापा. ‘ट्यून इमेज’मध्ये हायलाइट्स थोडे खाली, शॅडोज थोडे वर. इथे बहुतेक जण ‘सॅच्युरेशन’ वाढवतात आणि फोटो बिघडतो तो तिथेच. पताकांचा भगवा मुळात इतका भरलेला असतो की रंग जरा वाढवला की त्याचा लाल भाग २५५ ला टेकतो. मग पताकेच्या घड्या, वाऱ्यानं आलेले मोड सगळं पुसून जातं आणि एक सपाट केशरी कागद उरतो. त्या पट्टीला हात लावायचाच असेल तर खाली न्या.

त्यानंतर ‘सिलेक्टिव्ह’. मला हे साधन सगळ्यांत मोलाचं वाटतं. चेहऱ्यावर बोट ठेवलं की एक टिंब बसतं. दोन बोटांनी त्याचा घेर लहान-मोठा होतो, वर-खाली सरकवून उजेड की रंग ते निवडायचं, आडवं सरकवून कमी-जास्त करायचं. त्या घेरातला मिळताजुळता रंगच तेवढा बदलतो. मागचं आकाश जागच्या जागी राहतं. पखवाजवाल्याचा चेहरा, वीणेकऱ्याचा हात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली बाई एवढंच उजळलं तरी फोटो उभा राहतो. ‘एचडीआर’ नावाचे तयार फिल्टर मात्र टाळा. त्यांनी प्रत्येक डोक्याभोवती उजळ कड उमटते, आणि हजार टोप्यांच्या गर्दीत हजार कडा दिसतात. धुरळा कमी करणारं साधन लाइटरूम या ॲपमध्ये आहे, तेही हलक्या हातानं वापरा. रिंगणातून धूळ पूर्ण काढली तर दौडच निघून जाते.

राहिला खरेपणाचा प्रश्न. चेहरा उजळणं, कड गडद करणं हे डार्करूममध्ये नेहमीच चालायचं. कागदावर प्रकाश पडत असताना हाताची सावली धरून एखादा भाग कमी-जास्त करणं हा छपाईचाच भाग होता. त्यानं घडलेली गोष्ट बदलत नाही. वस्तू हलवली की बदलते. नॅशनल जिऑग्राफिकनं फेब्रुवारी १९८२ च्या अंकात आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, त्यावर झालेली टीका आजही विसरली गेलेली नाही. तेव्हा त्याला महागडी यंत्रं लागली. आता गूगलचं ‘मॅजिक इरेझर’ २०२१ मध्ये पिक्सेल फोनवर आलं आणि २०२४ पासून गूगल फोटोज वापरणाऱ्या सगळ्यांसाठी खुलं झालं. बोट फिरवलं की माणूस गायब.

माझं मत असं : घरच्या फोटोतली विजेची तार, पाण्याची रिकामी बाटली काढली तर कुणाचं बिघडत नाही. वर्तमानपत्राला, स्पर्धेला किंवा गावाच्या संग्रहाला द्यायच्या फोटोतून काहीही काढू नये. आणि आकाश बदलण्याचं जे नवं साधन आलं आहे ते रिंगणाच्या फोटोवर अजिबात वापरू नका. माळशिरस पर्जन्यछायेतला तालुका आहे. त्या वर्षी आषाढात आभाळ भरून आलं होतं की नुसतेच कोरडे पांढरे ढग होते, ही इथल्या माणसाच्या दृष्टीनं फोटोतली मोठी माहिती आहे. पंचवीस वर्षांनी कुणी तो फोटो बघेल तेव्हा पाऊस कसा होता हे त्याला त्याच आकाशात दिसेल. तिथे दुसऱ्या कुठल्या गावचे निळे-जांभळे ढग बसवले, तर त्या वर्षाचं साक्षीपण गेलं. पांढरं आलं असेल तर पांढरंच राहू द्या, फार तर वरून थोडं कापा.

प्रश्न : नव्या फोनवर घरातल्या सगळ्यांचे चेहरे आपोआप गोरे आणि गुळगुळीत येतात. आईच्या कपाळावरच्या रेषासुद्धा जातात. हे बंद कसं करायचं?
— एक वाचक, नातेपुते

उत्तर : कॅमेरा उघडून ‘ब्यूटी’ किंवा ‘फेस’ असं लिहिलेलं चिन्ह शोधा आणि त्यातल्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याची ही सोय बहुधा वेगवेगळी असते, दोन्हीकडे बघा. पोर्ट्रेट मोडमध्येही ती पुन्हा डोकावते.

तुम्ही हे विचारलंत याचा मला आनंद झाला, कारण बहुतेकांना तो फोनचा गुण वाटतो. सावळ्या रंगावर कॅमेऱ्याचा अन्याय जुना आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर गोरी बाई असायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा चेहरा नीट आला म्हणजे यंत्र नीट, असा हिशेब. गडद चेहऱ्यांचे बारकावे त्यात बुडून जात. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेनं यावर लिहिलं आहे, आणि तिच्या लेखनातला एक तपशील मन खट्टू करतो : फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारण्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी होत्या. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ते आधी झालं नाही. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं १९९० च्या दशकात आली.

उसाच्या फडात, डाळिंबाच्या बागेत उन्हात राबलेल्या चेहऱ्याचा रंग हा फोटोतला दोष नाही. त्याला हवा असतो तो योग्य उजेड. आईला ओसरीच्या कडेला, उघड्या आभाळाच्या बाजूला तोंड करून बसवा. तिथला उजेड मऊ असतो, डोळ्यांत चमक येते आणि रेषा असतात तशा दिसतात. निळ्या किंवा पिवळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली फोटो काढला तर त्या कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. तो घालवायला स्नॅपसीडच्या ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये रंग टिपायचं चिन्ह आहे. फोटोत जे खरोखर पांढरं होतं त्यावर ते ठेवायचं. आपल्याकडे वडिलांच्या टोपीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. टोपी धुऊन धुऊन पिवळसर झाली असेल तर सदऱ्याची बाही बघा. मग उजेड हवा तेवढा वाढवा, पण कातडी नितळ करणारी साधनं सोडून द्या. त्वचेची छिद्रं पुसली की चेहऱ्याचा उंचसखलपणा जातो आणि माणूस ओळखीचा राहत नाही.

प्रश्न : वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळातल्या शिलालेखाचा फोटो काढला. अक्षरं वाचताच येत नाहीत. कोणत्या ॲपनं ती उठावदार होतील?
— एक विद्यार्थिनी, वेळापूर

उत्तर : ॲप शेवटी. आधी बॅटरी. वेळापूरला यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातले लेख आहेत, म्हणजे दगडाला सात शतकं ऊन-पाऊस लागला आहे. अशा अक्षरांची खोली आता फार थोडी उरलेली असते आणि अक्षर व दगड एकाच रंगाचे असतात. ती दिसतात ती फक्त स्वतःच्या सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की नेमकी तीच सावली नाहीशी होते. म्हणून फ्लॅश बंद, आणि उजेड दगडाला घासून जाईल असा बाजूनं. भिंतीवर सकाळचं किंवा उतरतं ऊन तिरपं पडत असेल तर ती वेळ साधा. नसेल तर एकाने फोन स्थिर धरायचा, शक्यतो छोट्या स्टँडवर, आणि दुसऱ्याने दुसऱ्या फोनची बॅटरी दगडाच्या पातळीजवळ आणून धरायची.

देवनागरीसाठी एक बारकावा आहे. काना आणि अक्षराचा दंड उभे असतात, त्यांची सावली डावीकडून किंवा उजवीकडून आलेल्या उजेडात पडते. शिरोरेखा आडवी असते, तिला वरून किंवा खालून उजेड लागतो. एकाच फोटोत दोन्ही नीट येणार नाहीत. म्हणून फोन न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या आणि वाचताना चारही शेजारी ठेवा. टॉम माल्झबेंडर आणि हेवलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच विचारातून अनेक दिशांच्या उजेडातले फोटो एकत्र करण्याची पद्धत मांडली. आज जगभरचे पुरातत्त्व अभ्यासक तिच्या सुधारलेल्या रूपात जुने लेख वाचतात. तुमच्याकडे दोन फोन आणि एक मैत्रीण असली तरी तिची सुरुवात करता येते.

आता ॲप. फोटो कृष्णधवल करा. शेवाळाचा हिरवा आणि तेलाचा काळा डाग रंगीत फोटोत लक्ष वेधून घेतात, ते त्यामुळे थोडे मागे सरतात. मग स्नॅपसीडच्या ‘डिटेल्स’मधलं ‘स्ट्रक्चर’ थोडं वाढवा, ‘कर्व्ज’मध्ये मधला उजेड किंचित खाली ओढा. इथेच थांबा. धार फार काढली की दगडाचा टवका अनुस्वारासारखा आणि साधी चीर मात्रेसारखी दिसू लागते, आणि वाचणारा नसलेलं अक्षर वाचतो. कृत्रिम बुद्धिमत्तेनं फोटो मोठा करणारी ॲपं इथे वर्ज्य. ती अक्षराच्या जागी अक्षरासारखं काहीतरी घडवतात.

लेखावर खडू, पीठ, भस्म, तेल, पाणी काहीही लावू नका. देवस्थानच्या मंडळींना आधी विचारा, पूजेच्या वेळी मध्ये येऊ नका. शेजारी मोजपट्टी धरून एक फोटो काढा, आणि एक लांबून, लेख कुठल्या खांबावर किंवा भिंतीवर आहे हे कळेल असा. वाचन जुळवून बघायला शं. गो. तुळपुळे यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हे १९६३ चं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मागा. त्या काळच्या मराठीचं वळण आणि अक्षरांची ठेवण त्यातून कळत जाईल.

प्रश्न : डाळिंबावरच्या डागांचे फोटो सल्ल्यासाठी पाठवतो. समोरून उत्तर येतं, फोटोवरून सांगता येत नाही. फोटो अजून स्पष्ट कसे करावेत?
— एक बागायतदार, माळशिरस तालुका

उत्तर : हे फोटो सुधारू नका, एवढंच आधी सांगतो. रोग ओळखणारा माणूस रंगावरून आणि डागाच्या कडेवरून निर्णय घेतो. तेल्या रोगाचे डाग तेलकट, काळपट असतात आणि फळावर इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारख्या भेगा पडतात. पण बुरशीचे डागही दिसायला त्यांच्या जवळ जातात. फोनचं ‘सीन ऑप्टिमायझर’ झाड ओळखून हिरवा रंग आपोआप गडद करतं, म्हणजे पिवळट पडलेलं पान निरोगी दाखवतं. ते बंद करा. पोर्ट्रेट मोड नको, त्यात पानाच्या कडा पुसट होतात.

पान किंवा फळ सावलीत, साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा. त्या कागदामुळे समोरच्याला रंगाचा अंदाज येतो. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की डागाचा आकार कळतो. पानाची वरची बाजू, खालची बाजू, फांदी, फळ आणि थोडं मागे जाऊन पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो घ्या. फोन अगदी टेकवू नका, वीतभर लांबून काढून नंतर कापा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बराच आकसतो आणि बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. २०२३ पासून एचडीचा पर्यायही आहे, घाईत तो चालेल. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. बाग मोठी असेल आणि डाग पसरत असतील तर फोटोवर न थांबता नमुना घेऊन तिथे जावं.

नुकसानीचे फोटो असतील तर त्यांनाही हात लावू नका, उजेडसुद्धा वाढवू नका. मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाण नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून गेलेल्या प्रतीत ती नोंद उरत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत ॲपमधूनच, शेतात उभं राहून फोटो घ्यायचा असतो, तो याच कारणासाठी.

प्रश्न : आजीच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो ॲपनं रंगीत करून दिला. शालू मरून आला. आत्या म्हणते, शालू हिरवा होता. ॲपला कळलं कसं नाही?
— एक वाचक, अकलूज

उत्तर : ॲपला कळण्याचा मार्गच नव्हता. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग लपलेला नसतो. त्यात फक्त उजेडाची पातळी असते. हिरवा आणि मरून एकाच करड्या छटेचे असू शकतात. ॲपनं लाखो रंगीत फोटो बघून, नवरीच्या अंगावर अशा छटेचं वस्त्र बहुधा मरून असतं, असा अंदाज केला आणि तो ठामपणे रंगवला.

फोटो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला असेल तर अजून एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या अनेक प्लेटा आणि फिल्म लाल उजेडाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल कुंकू त्यात काळं येतं, लाल वस्त्र गडद येतं, आणि निळं वस्त्र प्रत्यक्षापेक्षा फिकट येतं. त्यामुळे अशा फोटोतल्या करड्या छटेवरून रंग ठरवणं माणसालाही कठीण. जुन्या घरांमध्ये हातानं रंगवलेले फोटो दिसतात. तो रंगवणारा निदान घरच्यांना विचारू शकत होता. आज ते तुम्ही करू शकता. आत्या आहे तोवर शालूचा, खणाच्या चोळीचा, फेट्याचा, मागच्या पडद्याचा रंग विचारून लिहून ठेवा. काही ॲपांत रंग स्वतः निवडता येतो. नसेल तर कृष्णधवलच चांगला.

मूळ फोटोची प्रत मात्र नीट करून घ्या. चौकटीतून सहज निघत असेल तरच काढा. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, पापुद्रा सुटतो. खिडकीजवळ, थेट ऊन नाही अशा जागी टेबलावर ठेवा आणि फोन अगदी समांतर धरा. काच असेल तर गूगलचं २०१६ मध्ये आलेलं ‘फोटोस्कॅन’ वापरा. ते वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन चकाकी वजा करतं. पडद्यावरचे, जमिनीवरचे ओरखडे ‘हीलिंग’नं भरायला हरकत नाही. चेहऱ्यावरून गेलेली चीर भरताना बोट जपून चालवा. डोळ्याच्या, ओठाच्या कडेला ते साधन शेजारचा भाग आणून चिकटवतं आणि आजीचं हसू बदलतं. ‘चेहरा स्पष्ट करा’ असं म्हणणारी ॲपं तर अस्पष्ट चेहऱ्यावर नवाच चेहरा बसवतात. नाक-डोळे सुबक येतात, पण ते आजीचे नसतात.

दुरुस्त केलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवा, आणि रंग भरला असेल तर ‘रंग नंतर भरले’ असं फाइलच्या नावातच लिहा. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता, नावं, गाव आणि आत्याला आठवत असेल तर साल लिहा. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकताना आधी साधी कृष्णधवल प्रत टाका. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाला तरी कुणीतरी हमखास ओळखेल, आणि ते नावही त्याच दिवशी लिहून घ्या.